पुस्तक फुकट आहे, दुसरे प्रकरण वगळू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अभियांत्रिकी प्रवेशाचा हंगाम आला की ‘एआय’ आणि ‘कॉम्प्युटर व्हिजन’च्या सशुल्क वर्गांच्या जाहिराती सगळीकडे झळकू लागतात. कॉम्प्युटर व्हिजन म्हणजे संगणकाला फोटोतले ओळखायला शिकवणे; या विषयाचे जगभर वापरले जाणारे पाठ्यपुस्तक लेखकानेच आपल्या संकेतस्थळावर फुकट ठेवले आहे, हे मात्र त्या जाहिरातींत कुठे नसते. रिचर्ड स्झेलिस्की यांचे ‘कॉम्प्युटर व्हिजन : अल्गोरिदम्स अँड अ‍ॅप्लिकेशन्स’ हे ते पुस्तक. पहिली आवृत्ती २०१० ची. दुसरी २०२२ ची, तीत डीप लर्निंगची, म्हणजे उदाहरणांवरून आपोआप शिकणाऱ्या पद्धतींची, मोठी भर आहे आणि छापील पाने नऊशेच्या वर आहेत. स्वतःच्या अभ्यासासाठी पीडीएफ उतरवून घ्यायला लेखकाची परवानगी आहे, ती दुसऱ्या संकेतस्थळावर चढवायला नाही. तेव्हा कॉलेजच्या ग्रुपवर फाइल नको, दुवा टाका.

पुस्तक मिळण्याची अडचण नाही, मग घोडे पेंड खाते कुठे? एकूण १५ प्रकरणे. पाचवे डीप लर्निंगचे, सहावे वस्तू ओळखण्याचे. विद्यार्थी थेट तिथे उघडतात. दुसरे प्रकरण, प्रतिमा मुळात तयार कशी होते याचे, ‘हे फिजिक्स आहे’ म्हणून सोडून देतात. पुढे प्रकल्प अडतो तो नेमका त्या सोडलेल्या पानांवर, आणि दोष दिला जातो मॉडेलला, म्हणजे फोटोंवरून शिकलेल्या प्रोग्रामला. त्यासाठीच हे पत्र.

सुरुवात करा पिक्सेलच्या आकड्यापासून. १२८ हा २५५ चा निम्मा, म्हणून प्रकाशही निम्मा, अशी बहुतेकांची समजूत असते. नेहमीच्या जेपीईजी फोटोत, म्हणजे एसआरजीबी पद्धतीत, १२८ म्हणजे पूर्ण प्रकाशाच्या साधारण २२ टक्के. निम्म्या प्रकाशाला आकडा लागतो १८८. त्यामुळे काळ्या-पांढऱ्या बारीक पट्ट्यांचा फोटो सरळ सरासरी काढून लहान केला, की तो असायला हवा त्यापेक्षा गडद येतो. दोन फोटो एकमेकांत मिसळणे, फोटो धूसर करणे, दोन फोटोंच्या उजेडाची तुलना करणे, सगळीकडे हाच घोळ. आकडे आधी प्रकाशाच्या सरळ प्रमाणात आणायचे, गणित करायचे, मग परत फिरवायचे.

त्याच आकड्याचा दुसरा घोळ साठवणुकीचा. फोटोतला प्रत्येक आकडा आठ बिटांत बसतो. पायथॉन भाषेच्या नमपाय या आकडेमोडीच्या संचात अशा दोन फोटोंची बेरीज केली तर २०० अधिक १०० बरोबर ४४ येतात, कारण २५५ च्या पुढे मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. तीच बेरीज ओपनसीव्ही या फोटोंवर काम करणाऱ्या फुकट प्रोग्रामसंचाच्या ‘अ‍ॅड’ने केली तर २५५ ला थांबते. म्हणजे दोन फोटोंची सरासरी १५० यायची तिथे नमपायमध्ये २२ येते, आणि आधी उजळ असलेल्या जागी काळे डाग उठतात. बेरजेआधी आकडे दशांशात बदलले की प्रश्न मिटतो. चूक एका ओळीची, पण ती सापडेपर्यंत रविवार जातो.

ओपनसीव्हीच्या आणखी काही खोडी आधीच कळलेल्या बऱ्या. ती रंग लाल-हिरवा-निळा असे न वाचता निळा-हिरवा-लाल या क्रमाने वाचते. नमपायमध्ये आधी ओळ आणि मग स्तंभ, तर ओपनसीव्हीच्या बिंदूंमध्ये आधी आडवा आकडा आणि मग उभा. चौरस फोटोवर ही गल्लत लपते, म्हणून तपासणीला नेहमी आयताकृती फोटो घ्या. फाइल सापडली नाही तर फोटो वाचणारी तिची ‘आयएमरीड’ ही आज्ञा प्रोग्राम थांबवत नाही, निमूटपणे रिकामे उत्तर देते आणि चूक दहा ओळी पुढे फुटते. आपल्याकडची एक खास अडचण अशी : विंडोजवर फोल्डरचे नाव देवनागरीत असेल, तर फाइल समोर दिसत असूनही ‘आयएमरीड’ला ती बहुधा उघडता येत नाही. फोल्डरचे नाव रोमन लिपीत ठेवा, किंवा नमपायने फाइलचे बाइट वाचून ‘आयएमडीकोड’ला द्या.

फोटो लहान करणे ही क्रिया कुणी शिकण्यासारखी मानत नाही. ४,००० पिक्सेल रुंदीचा फोटो ४०० वर आणताना ओपनसीव्हीची मूळ पद्धत नव्या प्रत्येक पिक्सेलसाठी जुन्या फोटोतले फक्त चार शेजारी बघते, मधले बाकीचे गाळते. बारीक चौकड्याच्या लुगड्यावर किंवा खिडकीच्या जाळीवर मग नसलेल्या लाटा उमटतात. आधी गाउसियन फिल्टरने धूसर करा, किंवा क्षेत्रफळावर सरासरी घेणारी पद्धत निवडा. तिसऱ्या प्रकरणात हे सगळे आहे. गाउसियन फिल्टर आडवा आणि उभा असा दोन फेऱ्यांत का चालवतात, तेही तिथेच : १५ बाय १५ च्या फिल्टरला एका पिक्सेलमागे २२५ गुणाकार लागतात, दोन फेऱ्यांत फक्त ३०.

आता कॅमेरा. दुसऱ्या प्रकरणातले कॅमेऱ्याचे मॅट्रिक्स, म्हणजे समोरचा बिंदू फोटोत कुठे पडतो हे सांगणारा आकड्यांचा तक्ता, पाहून मुले दचकतात. बारावीला मॅट्रिक्सचा व्यस्त काढलेल्याला त्यात अवघड काही नाही. अवघड आहे ते कागदावर न उतरवता समजणे. प्रत्यक्ष कॅलिब्रेशनची, म्हणजे आपल्या कॅमेऱ्याचे हे आकडे मोजून काढण्याची, पद्धत पुस्तकात बरीच पुढे, अकराव्या प्रकरणाच्या सुरुवातीला आहे. ती दुसऱ्याबरोबरच वाचावी आणि लगेच स्वतःच्या मोबाइलवर करावी.

ए-फोर कागदावर २५ मिलिमीटरच्या चौकोनांचा बुद्धिबळपट छापा : १० चौकोन आडवे, ७ उभे. २५० बाय १७५ मिलिमीटर होतात, भोवती पांढरी कड उरते, आणि ती हवीच, नाहीतर पट सापडत नाही. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करा. तो चालू राहिला तर २५ चे २४ होतात. छापल्यावर स्टीलच्या पट्टीने एकदम दहा चौकोन मोजा. कागद पुठ्ठ्यावर चिकटवू नका, पुठ्ठा दमट हवेत वाकतो; काच, फरशी किंवा सनमायकाचा सपाट तुकडा घ्या. ओपनसीव्हीला आकडा चौकोनांचा नव्हे, आतल्या कोपऱ्यांचा द्यायचा असतो, म्हणजे ९ आणि ६. ‘पट सापडतच नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा इथे दिलेले १० आणि ७ असतात. दोन्हींपैकी एक आकडा विषम आणि एक सम ठेवला की पट उलटा धरलाय की सुलटा, हा संभ्रमही राहत नाही.

फोटो १५ ते २० घ्या. फोकस कुलूपबंद, झूम नाही, वाइड लेन्स नाही. पट ३० ते ४५ अंशांत वेगवेगळ्या बाजूंना कलवा आणि तो चौकटीच्या चारही कोपऱ्यांत जाईल असे पाहा, कारण लेन्सचा वाकडेपणा कडेलाच कळतो. सगळे फोटो समोरून सरळ घेतले तर फोकल लेंथ (लेन्स वस्तू किती मोठी दाखवते तो आकडा) दुप्पट आणि पट दुप्पट अंतरावर, की दोन्ही आहेत तेवढेच, हे गणिताला वेगळे करता येत नाही. उत्तर येते, पण त्याला अर्थ नसतो. मोबाइलवरून लॅपटॉपवर फोटो व्हॉट्सअ‍ॅपने पाठवू नका. तो फोटो लहान करतो, दाबतो आणि त्यातली कॅमेऱ्याची माहिती काढून टाकतो. केबल लावा, नाहीतर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

उत्तर बरोबर आहे का, हे सरासरी चुकीवरून, म्हणजे गणिताने सांगितलेले कोपरे आणि फोटोतले कोपरे यांच्यातल्या सरासरी अंतरावरून, ठरवण्याची पद्धत आहे. ती अर्ध्या पिक्सेलच्या आत असली तर चांगले. पण एकसारख्या पाच फोटोंवरही ती कमी येते, तेव्हा तेवढ्यावर थांबू नये. त्यापेक्षा खात्रीची कसोटी फूटपट्टीची. ४,००० पिक्सेल रुंदीच्या फोटोत मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याची फोकल लेंथ साधारण ३,००० पिक्सेल निघते. ३० सेंटिमीटरची पट्टी बरोबर दोन मीटरवर, कॅमेऱ्याला समांतर धरा : ३,००० गुणिले ०.३ भागिले २, म्हणजे फोटोत ती ४५० पिक्सेल भरली पाहिजे. ६०० भरली तर कुठेतरी चुकले आहे. फोटो निम्म्या आकाराचा करून वापरणार असाल तर फोकल लेंथ आणि केंद्रबिंदूचे आकडेही निम्मे करावे लागतात, हे विसरणारे पुष्कळ.

यानंतर चौथे प्रकरण चाळावे, पाचवे-सहावे तात्पुरते बाजूला ठेवावे आणि सातवे-आठवे घ्यावे, असे आमचे मत. खुणेचे बिंदू शोधणे आणि फोटो जोडणे हा भाग हाताने करण्याजोगा आहे आणि चूक डोळ्यांना दिसते. असे बिंदू शोधणाऱ्या सिफ्ट या पद्धतीचे अमेरिकी पेटंट २०२० च्या मार्चमध्ये संपले. तेव्हापासून ती ओपनसीव्हीच्या मुख्य संचात आहे, जुन्या व्हिडिओंत सांगतात तसे वेगळे काही बसवावे लागत नाही. प्रत्येक बिंदूसाठी त्याच्या आसपासचे वर्णन करणारे १२८ आकडे मिळतात. दुसऱ्या फोटोतला सर्वांत जवळचा जोडीदार आणि दुसऱ्या क्रमांकाचा, यांच्या अंतरांचे गुणोत्तर ०.८ पेक्षा कमी असेल तरच जोडी धरायची. चाळीच्या गॅलरीतली एकसारखी दारे, ठिपक्यांची रांगोळी, खिडक्यांचे गज अशा ठिकाणी पहिला आणि दुसरा जवळजवळ सारखेच निघतात आणि बहुतेक जोड्या गळतात. गळू द्या. आकडा ०.९५ वर नेऊन त्यांना परत आणले की पुढचे सगळे बिघडते.

उरलेल्या जोड्यांतही खोट्या असतातच. त्या रॅन्सॅक गाळतो : चिठ्ठ्या टाकल्यासारख्या थोड्या जोड्या उचलून पुन्हा पुन्हा अंदाज बांधणारी १९८१ सालची पद्धत. दोन फोटोंमधली हॉमोग्राफी, म्हणजे एका फोटोतला बिंदू दुसऱ्यात कुठे येईल हे सांगणारे मॅट्रिक्स, ठरवायला चार जोड्या लागतात. निम्म्या जोड्या खऱ्या असतील तर चारही खऱ्या उचलल्या जाण्याची शक्यता सोळात एक. एकदा तरी तसे घडेल याची ९९ टक्के खात्री हवी तर ७२ फेऱ्या पुरतात. खऱ्या जोड्या ३० टक्क्यांवर आल्या की ५६७ लागतात. २० टक्क्यांवर आल्या की २,८०० च्या वर, आणि ओपनसीव्हीची मूळ मर्यादा २,००० ची आहे. हे गणित एकदा स्वतः मांडले की आंधळेपणाने फेऱ्या वाढवत बसण्यापेक्षा जोड्या सुधारणे स्वस्त का, ते कळते.

आणि हॉमोग्राफी सगळीकडे लागू पडत नाही. दृश्य सपाट असेल, किंवा कॅमेरा जागच्या जागी फक्त फिरला असेल, तरच. सिंहगडावरून समोरच्या डोंगररांगेचे फोटो हात लांब करून काढले तरी छान जुळतात, कारण सगळे दूर आहे. तेच वाड्याच्या चौकात करा : जवळचा खांब दोनदा दिसतो, मागची भिंत मात्र जुळलेली. प्रोग्राम बरोबर असतो, फोटो काढणाऱ्याचा हात चुकलेला असतो. मोबाइल लेन्सभोवती फिरवा, स्वतःभोवती नव्हे, आणि शेजारच्या फोटोंत तिसरा हिस्सा ते निम्मा भाग सामाईक ठेवा.

बाराव्या प्रकरणातल्या वस्तूचे अंतर (डेप्थ) काढण्याच्या सूत्राबद्दल एकच सांगतो. अंतर म्हणजे फोकल लेंथ गुणिले दोन कॅमेऱ्यांमधली फट, भागिले सरकलेले पिक्सेल. फोकल लेंथ १,००० पिक्सेल आणि फट १० सेंटिमीटर असेल तर पाच मीटरवरची वस्तू २० पिक्सेल सरकते. एक पिक्सेल चुकला तर २६ सेंटिमीटरचा फरक. पन्नास मीटरवरची वस्तू सरकते फक्त दोन पिक्सेल, आणि तिथे एक पिक्सेल चुकला तर उत्तर ३३ मीटर येते नाहीतर १००. रस्त्यावरच्या गाड्यांचे अंतर दोन वेबकॅमनी मोजण्याचे प्रकल्प दरवर्षी होतात. वेबकॅम विकत घेण्याआधी हा भागाकार करून पाहावा.

या पुस्तकाचे दोषही सांगायला हवेत. ते सर्वेक्षण आहे. एकेका परिच्छेदात दहा-दहा पद्धतींची नावे येतात आणि सिद्धता अनेकदा मूळ निबंधावर सोपवलेली असते. पहिल्या वाचनात त्या संदर्भांमागे धावू नये, धावणारा चाळिसाव्या पानापुढे जात नाही. प्रकरणाअखेरचे प्रश्न बहुतांशी ‘हे लिहून चालवून पाहा’ अशा स्वरूपाचे आहेत आणि त्यांची उत्तरे मागे छापलेली नाहीत. एका प्रकरणामागे दोनच प्रश्न निवडा, पण ते पूर्ण करा. रेखीय बीजगणित गंजले असेल तर पहिले परिशिष्ट आधी घ्या. ज्यांना हा ग्रंथ फारच दाट वाटतो त्यांच्यासाठी टोराल्बा, आयसोला आणि फ्रीमन यांचे २०२४ चे ‘फाउंडेशन्स ऑफ कॉम्प्युटर व्हिजन’ही ऑनलाइन फुकट वाचता येते, प्रकरणे लहान आहेत. मराठी माध्यमातून आलेल्यांनी संज्ञा इंग्रजीच ठेवाव्यात, पण प्रत्येक सूत्राखाली त्याचा अर्थ वहीत मराठीत एका वाक्यात लिहावा. ते वाक्य जमत नसेल तर सूत्र समजलेले नसते.

एवढे झाल्यावर पाचवे-सहावे प्रकरण. इथे उदाहरण घ्यायचे तर आपल्या महाविद्यालयांत सर्वाधिक आवडीचे : पानाच्या फोटोवरून रोग ओळखणे. बहुतेक प्रकल्प ‘प्लांटव्हिलेज’ नावाच्या फुकट फोटोसंचावर चालतात. त्यात ५४ हजारांवर फोटो, १४ पिके, ३८ वर्ग (पीक आणि त्याचा रोग किंवा निरोगी अवस्था अशा जोड्या). या संचावर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात अचूकता ९९.३५ टक्के होती. तो आकडा प्रत्येक प्रकल्प अहवालात उतरतो. त्याच निबंधात पुढे लिहिले आहे की वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर तेच मॉडेल सुमारे ३१ टक्क्यांवर आले. हा आकडा अहवालात क्वचितच उतरतो. संचातले फोटो एकेक पान तोडून, एकसारख्या पार्श्वभूमीवर ठेवून काढलेले आहेत. बागेतले ऊन, सावली, मागची पाने, हलणारी फांदी, दुसरा कॅमेरा हे त्यात नाही. म्हणजे पुन्हा दुसरे प्रकरण.

त्याहून मोठी गोष्ट संचाचे वर्ग वाचल्याशिवाय कळत नाही. द्राक्षाचे त्यात चार वर्ग आहेत : ब्लॅक रॉट, एस्का, एक पानकरपा आणि निरोगी. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराची झोप उडवणारे भुरी आणि डाऊनी, म्हणजे केवडा, त्यात नाहीतच. असे मॉडेल डाऊनीच्या पानाला त्या चारांपैकीच एक नाव देणार, तेही कदाचित ९८ टक्के खात्रीने. डाळिंब आणि कापूस ही पिके तर संचात मुळीच नाहीत.

मॉडेल शिकवताना तीन तपासण्या पुरेशा आहेत. पहिली, ३८ वर्ग असतील तर सुरुवातीचा लॉस, म्हणजे मॉडेलच्या चुकीचे माप, ३.६४ च्या जवळपास असला पाहिजे, कारण ३८ चा नैसर्गिक लॉगॅरिदम तेवढा आहे; तो १० असेल तर काहीतरी मुळातच वाकडे आहे. दुसरी, फक्त दहा फोटो देऊन शिकवा. लॉस शून्याजवळ गेला नाही तर हजारो फोटो देऊन उपयोग नाही, आधी प्रोग्राम दुरुस्त करा. तिसरी, मॉडेलला देण्याआधीचा फोटो पडद्यावर काढून बघा. निळा-लाल क्रम उलटला असेल तर पान हिरवेच दिसते, कारण हिरवा मधोमध आहे, आणि चूक नजरेतून सुटते. डाग मात्र तपकिरीचे निळसर झालेले असतात. रोग डागातच असतो.

फोटोंची विभागणी हा या साऱ्यातला सर्वांत महागडा गोंधळ. एकाच पानाचे पाच फोटो, त्यांतले चार शिकवणीत आणि एक परीक्षेत, असे झाले की अचूकता फुगते. फोटो फिरवून-उलटवून आधी वाढवले आणि मग विभागले तरी तेच. विभागणी फोटोगणिक नको, प्लॉटगणिक हवी : एक अख्खी बाग परीक्षेसाठी राखून ठेवायची आणि तिचा एकही फोटो शिकवणीत जाऊ द्यायचा नाही.

परीक्षकांना आणि विभागप्रमुखांना विनंती आहे की अंतिम वर्षाच्या तोंडी परीक्षेत अचूकतेचा तक्ता बाजूला ठेवून तीन गोष्टी मागाव्यात. परीक्षेचे फोटो कुणी, कुठे आणि कोणत्या कॅमेऱ्याने काढले याची यादी. मॉडेल चुकले असे वीस फोटो. आणि तिथल्या तिथे मोबाइलवर काढलेल्या एका नव्या फोटोवर ते चालवून दाखवणे. याला ना निधी लागतो ना समिती.

प्रकल्पाचे विषय साधारण जुलै-ऑगस्टमध्ये ठरतात. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी त्यानंतर होते आणि कोवळ्या फुटीवर, पाऊस लांबला की, डाऊनी येतो, म्हणजे प्रकल्प चालू असतानाच. ज्यांना हा विषय घ्यायचा आहे त्यांनी तेव्हा बागेत जावे, प्रत्येक पानावरच्या रोगाचे नाव सहायक कृषी अधिकाऱ्याकडून किंवा जाणत्या बागायतदाराकडून लिहून घ्यावे, सकाळचे आणि दुपारचे असे दोन्ही वेळचे फोटो काढावेत, आणि पान उलटून खालच्या बाजूचाही एक फोटो घ्यावा. वरून फक्त पिवळसर तेलकट डाग दिसतो, डाऊनीची पांढरी वाढ खालच्या बाजूला असते.

आपले,
कॉम्प्युटर व्हिजन शिकवणारे दोन अध्यापक, पुणे
नावे प्रसिद्ध करू नयेत, ही विनंती.